आन्सीच्या महोत्सवात जपानी ॲनिमेशनपट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या पूर्व भागात, आल्प्सच्या कुशीत, तळ्याकाठी वसलेल्या आन्सी या शहरात दर जूनमध्ये ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. १९६० साली सुरू झालेला हा महोत्सव बराच काळ दोन वर्षांतून एकदा होत असे; १९९८पासून तो दर वर्षी होऊ लागला. केवळ ॲनिमेशनला वाहिलेल्या महोत्सवांत आज त्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. जपानी चित्रपटांशी या महोत्सवाचे नाते जुने आहे. हायाओ मियाझाकी यांच्या ‘पोर्को रोसो’ला १९९३ साली, इसाओ ताकाहाता यांच्या ‘पॉम पोको’ला १९९५ साली आणि मासाकी युआसा यांच्या ‘लू ओव्हर द वॉल’ला २०१७ साली येथे पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. २०१४ साली ताकाहाता यांचा मानद पारितोषिक देऊन गौरव झाला आणि २०१९ साली जपान हाच महोत्सवाचा सन्माननीय देश होता.

युरोपात शिकणारे किंवा नोकरी करणारे मराठी तरुण, पुण्या-मुंबईत ॲनिमेशनचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि निव्वळ हौसेपोटी एवढा लांबचा प्रवास करायला तयार असणारे रसिक, अशा सर्वांना पहिल्या खेपेला उपयोगी पडेल असे मार्गदर्शन येथे केले आहे. मुख्य सल्ला आधीच सांगून टाकतो. आन्सीत मोजकेच चित्रपट पाहावेत, ते दिग्दर्शक बघून निवडावेत, आणि जे पुढे मल्टिप्लेक्समध्ये किंवा घरबसल्या मिळणारच आहेत त्यांच्या रांगेत वेळ घालवू नये. बाकीच्या सूचना या सल्ल्याच्या अनुषंगाने येतात.

व्हिसा, बॅज आणि मुक्काम

भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसासाठी (बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी) फ्रान्सकडे अर्ज करावा, कारण ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. मे-जून हा सुट्ट्यांचा मोसम असल्याने अर्ज देण्यासाठीच्या तारखा लवकर भरतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागणे शहाणपणाचे. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा अर्जासोबत जोडावा लागतो. जवळचा मोठा विमानतळ जिनिव्हाचा आहे. तो आन्सीपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असून तेथून बसची सोय आहे. स्वित्झर्लंडही शेंगेन क्षेत्रात येत असल्याने जिनिव्हाला उतरण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. आधी पॅरिसमध्ये काही दिवस काढणाऱ्यांना तेथून रेल्वेनेही आन्सी गाठता येते.

महोत्सवातील खेळांना बसण्यासाठी बॅज घ्यावा लागतो. गोव्याच्या महोत्सवात डेलिगेट कार्ड घेतात तसाच हा प्रकार. विद्यार्थ्यांसाठी आणि व्यावसायिकांसाठी वेगवेगळ्या श्रेणी असतात आणि ‘मिफा’ या नावाने जो व्यापारी बाजार महोत्सवाच्या सोबत भरतो त्याचा बॅज निराळा व बराच महाग असतो. फक्त चित्रपट पाहायला जाणाऱ्याला मिफाच्या बॅजची गरज नाही. स्टुडिओंना आपले काम दाखवायचे असेल किंवा नोकरीच्या शोधात जायचे असेल तरच त्याचा विचार करावा. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे चालू वर्षाचे पत्र हाताशी ठेवावे.

आन्सी हे काही मोठे शहर नाही आणि त्या आठवड्यात जगभरातून हजारो माणसे तेथे येतात, त्यामुळे तळ्याजवळच्या जुन्या भागातल्या खोल्या महिनोन्महिने आधी संपतात. सेनो, क्रान-जेव्रिए, आन्सी-ल-व्हिय या आसपासच्या भागांत जागा शोधावी. तेथून शहराच्या मध्यभागी बसने येता येते. बुकिंग करण्याआधी रात्री शेवटची बस किती वाजता सुटते हे मात्र अवश्य पाहावे, कारण उशिरा सुटणारा खेळ पाहून पायी परतण्याची वेळ अनेकांवर येते. खाण्यापिण्याबाबत एवढेच सांगतो की दुपारी दोननंतर संध्याकाळी सातपर्यंत बरीच उपाहारगृहे स्वयंपाकघर बंद ठेवतात. ज्यांच्या दोन खेळांमधली सुट्टी नेमकी याच वेळेत येते त्यांनी बॅगेत काहीतरी ठेवावे. शाकाहारी माणसाला त्या भागात चीज भरपूर मिळते. चवीबद्दल प्रत्येकाने स्वतःच ठरवावे.

कार्यक्रमपत्रिका वाचायची कशी

कार्यक्रम जाहीर झाला की नवखा माणूस आधी ओळखीची नावे शोधतो. असे न करता आधी विभाग समजून घ्यावेत. पूर्ण लांबीच्या चित्रपटांचा मुख्य स्पर्धा विभाग असतो. ‘कोंत्रशाँ’ नावाचा दुसरा स्पर्धा विभाग २०१९ साली सुरू झाला. तेथे रूढ वाटेने न जाणारे, प्रयोगाकडे झुकणारे चित्रपट येतात. स्पर्धेबाहेरचे, मध्यरात्रीचे आणि जुन्या अभिजात चित्रपटांचे खेळ वेगळ्या नावांखाली असतात. याशिवाय अजून तयार होत असलेल्या चित्रपटांची सत्रे असतात. त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

जपानी चित्रपट यांपैकी कोणत्याही विभागात असू शकतो आणि विभागावरून त्याच्या स्वभावाचा अंदाज येतो. मध्यरात्रीच्या खेळात बहुधा हिंसा, भय किंवा उघड लैंगिकता असते. ॲनिमेशन म्हणजे मुलांसाठीचे, ही समजूत घरी ठेवूनच जावे, विशेषतः सोबत मुले असतील तर. ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या १९८८ सालच्या युद्धपटात दोन भावंडांची उपासमार दाखवली आहे आणि सातोशी कोन यांच्या ‘परफेक्ट ब्लू’मध्ये खून, पाठलाग आणि बलात्काराच्या चित्रीकरणाचा प्रसंग आहे, ‘ॲनिमेशन आहे’ एवढ्याच माहितीवर मुलांना यांपैकी कोठेही नेणे योग्य नाही.

नावांचा घोळ हा पत्रिका वाचतानाचा मोठा अडथळा आहे. एकाच चित्रपटाचे मूळ जपानी नाव, इंग्रजी नाव आणि फ्रेंच नाव यांत कित्येकदा काहीही साम्य नसते. उदाहरणार्थ, ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ हाच चित्रपट ‘कोनो सेकाइ नो कातासुमि नि’ या नावाने आढळू शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे नेहमी दिग्दर्शकाच्या नावाने शोधावे आणि आपल्या यादीत प्रत्येक चित्रपटापुढे मूळ नाव लिहून ठेवावे. जपानी पद्धतीत आडनाव आधी येते, त्यामुळे ‘हारा केइची’ आणि ‘केइची हारा’ ही एकाच व्यक्तीची नावे आहेत हेही लक्षात असू द्यावे.

प्रत्येक खेळापुढे भाषेची खूण असते. फ्रेंच भाषेत डब केलेल्या खेळापुढे ‘व्हीएफ’ असे लिहितात आणि मूळ भाषेत, सबटायटलसह दाखवल्या जाणाऱ्या खेळापुढे ‘व्हीओ’ने सुरू होणारी अक्षरे येतात. लहान मुलांसाठीचे खेळ फ्रेंचमध्ये डब केलेले असण्याची शक्यता मोठी. मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी सबटायटल असा खेळ हवा असेल तर आरक्षणाच्या आधीच खात्री करून घ्यावी, कारण काही खेळांना फक्त फ्रेंच सबटायटल असतात.

काय पाहावे, काय सोडावे

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि यात घाई करू नये. आधी वजाबाकी करावी. मियाझाकी आणि ताकाहाता यांच्या स्टुडिओ घिबलीचे बहुतेक चित्रपट २०२० सालापासून भारतात नेटफ्लिक्सवर उपलब्ध आहेत. माकोतो शिंकाई यांचा ‘सुझुमे’ २०२३च्या एप्रिलमध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला आणि ‘डीमन स्लेयर’ मालिकेतला ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट २०२५च्या सप्टेंबरमध्ये तर येथे पहाटेच्या खेळांनाही गर्दी खेचत होता. ज्या चित्रपटांच्या मागे मोठी मालिका किंवा अतिशय नावाजलेला दिग्दर्शक आहे ते आता भारतात येतात. जपानी चित्रपट इकडे येतच नाहीत ही दहा वर्षांपूर्वीची तक्रार आज पूर्णपणे खरी राहिलेली नाही. महोत्सवात हेच चित्रपट काही महिने आधी पाहायला मिळतात, एवढाच त्यांचा लाभ. आणि त्यांच्याच जागा सर्वांत आधी संपतात.

वजाबाकीनंतर जे उरते तेच पाहण्यासाठी महोत्सव असतो. एखाद्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट, छोट्या स्टुडिओचे काम, मालिकेशी संबंध नसलेली स्वतंत्र कथा, किंवा जपानमध्ये मोजक्या पडद्यांवर लागून गेलेला चित्रपट भारतात पोहोचेल याची खात्री नसते. २०२५ साली परीक्षकांचे पारितोषिक मिळवणारा ‘चाओ’ हा यासुहिरो आओकी यांचा पूर्ण लांबीचा पहिलाच चित्रपट होता. असे नाव पत्रिकेत पाहिल्यावर ओळखीचे काहीच वाटत नाही. तेव्हा ज्या स्टुडिओने तो केला आहे त्याचे आधीचे काम शोधावे. ‘चाओ’ ज्या स्टुडिओतून आला त्याच स्टुडिओचा ‘चिल्ड्रन ऑफ द सी’ २०१९ साली याच महोत्सवाच्या स्पर्धेत होता. जपानी ॲनिमेशनमध्ये स्टुडिओचे नाव पाहून चित्रांच्या दर्जाचा अंदाज बांधता येतो, कथेचा मात्र बांधता येत नाही. कथेसाठी दिग्दर्शकच पाहावा लागतो.

म्हणून निघण्याआधी चार-पाच दिग्दर्शकांचा प्रत्येकी एक चित्रपट नीट पाहून जावा. माझी निवड पुढीलप्रमाणे असेल, आणि ती वादातीत आहे असा माझा दावा नाही.

मासाकी युआसा यांच्याकडे रेषा पाघळते, शरीरे ताणली जातात, दृष्टिकोन एकाएकी वाकतो. ‘लू ओव्हर द वॉल’ संगणकावर अशा पद्धतीने केला आहे की दोन मुख्य चित्रांमधली चित्रे हाताने काढण्याचे काम बरेच कमी होते, आणि तरीही त्यातली हालचाल यांत्रिक वाटत नाही. २०१३ साली त्यांनी ‘सायन्स सारू’ या स्टुडिओच्या स्थापनेत भाग घेतला तो अशा पद्धतीने काम करता यावे म्हणूनच. ज्यांना जपानी ॲनिमेशन म्हणजे मोठे डोळे आणि टोकदार केस एवढेच वाटते त्यांनी सुरुवात येथून करावी.

सुनाओ काताबुची यांचा मार्ग अगदी उलटा आहे. ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ ही युद्धकाळात हिरोशिमाहून कुरे या नौदलाच्या बंदरात लग्न होऊन आलेल्या एका मुलीची कथा आहे. तिच्यात स्वयंपाक, शिवण, रेशन आणि सासर यांचे तपशील इतके अचूक आहेत की बॉम्बहल्ले त्या संसाराच्या मध्ये येऊन पडल्यासारखे वाटतात. या चित्रपटासाठी पैसे उभे राहत नव्हते, तेव्हा २०१५ साली ३,३७४ लोकांनी इंटरनेटवरून वर्गणी देऊन सुमारे ३ कोटी ९० लाख येन जमवले. पुढे २०१७ साली आन्सीत त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. घरातली कामे एवढ्या आस्थेने दाखवणारा चित्रपट कोणत्याही भाषेत दुर्मीळ आहे आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

केइची हारा यांनी अनेक वर्षे ‘क्रेयॉन शिन-चॅन’ या लहान मुलांच्या मालिकेचे चित्रपट केले आणि नंतर ते प्रौढांच्या विषयांकडे वळले. त्यांच्या ‘कलरफुल’ला २०११ साली आन्सीच्या प्रेक्षकांचा कौल मिळाला. ‘मिस होकुसाई’ हा १८१४ सालच्या एदो (आजच्या टोकियो) शहरात राहणाऱ्या, विख्यात चित्रकार होकुसाई यांच्या चित्रकार मुलीवरचा चित्रपट असून त्याला २०१५ साली परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. त्यात मोठे कथानक नाही, प्रसंगांची माळ आहे. ज्यांना घट्ट गोष्ट हवी असते त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे. यांच्या जोडीला ‘अ सायलेंट व्हॉइस’च्या दिग्दर्शिका नाओको यामादा आणि ‘वुल्फ चिल्ड्रन’चे मामोरु होसोदा यांचे एकेक काम पाहिले की पुरे.

मराठी वाचकासाठी आणखी एक वाट आहे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’चा नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला मराठी अनुवाद महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांच्या आणि पालकांच्या घरी आहे. त्याच आठवणींवर शिन्नोसुके याकुवा यांनी केलेला चित्रपट २०२३च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये लागला, २०२४ साली आन्सीच्या स्पर्धेत होता आणि त्याला फ्रेंच ॲनिमेशन दिग्दर्शक पॉल ग्रिमो यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलांचे ऐकून घेणारे कोबायाशी गुरुजी ज्याला पुस्तकातून ठाऊक आहेत, त्याला त्या सभागृहातल्या बहुतेक प्रेक्षकांपेक्षा जास्त तयारी करून आल्याचा फायदा मिळाला असता. कोणत्याही वर्षी पत्रिका पाहताना, मूळ कथा पुस्तकरूपात किंवा मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) रूपात इंग्रजीत वा मराठीत उपलब्ध आहे का हे तपासावे. वाचून गेल्याने चित्रपटाचा रस कमी होत नाही. उलट सबटायटल वाचण्यात जाणारे लक्ष चित्राकडे देता येते.

दिवसाला किती चित्रपट पाहावेत? तीनपेक्षा जास्त नाहीत, असे माझे मत आहे. पाच-सहा खेळ पाहून आलेल्या माणसाला चौथ्या चित्रपटात काय झाले हे सांगता येत नाही. तीनपैकी एक लघुपटांचा खेळ असावा, म्हणजे डोळ्यांना बदल मिळतो.

आरक्षण आणि रांग

बॅज मिळाला म्हणजे जागा मिळाली असे नाही. प्रत्येक खेळाची जागा ऑनलाइन राखून ठेवावी लागते आणि आरक्षण खुले होताच गाजलेले खेळ काही मिनिटांत भरतात. आरक्षण कधी खुले होते ते आपल्या वेळेनुसार आधीच लिहून ठेवावे. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्या वेळी यादी हाताशी हवी, आणि ती महत्त्वाच्या क्रमाने लावलेली हवी: दुर्मीळ चित्रपट आधी, गाजलेले नंतर. बहुतेक पूर्ण लांबीच्या चित्रपटांचे आठवड्यात एकाहून अधिक खेळ असतात, म्हणून पहिल्या खेळाला जागा न मिळाल्यास निराश न होता सकाळचे खेळ पाहावेत. सकाळी गर्दी कमी असते आणि झोपही आलेली नसते.

आरक्षण नसले तरी प्रेक्षागृहाबाहेर वेगळी रांग लागते आणि रिकाम्या राहिलेल्या जागा त्या रांगेतल्या लोकांना देतात. ही रांग व्यर्थ नसते, कारण आरक्षण केलेली पुष्कळ माणसे येतच नाहीत. ज्याच्याकडे आरक्षण आहे त्यानेही वेळेआधी पोहोचावे, नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाते. जायचे रद्द झाले तर आरक्षण सोडून द्यावे, म्हणजे रांगेतल्या कोणाला तरी आत जाता येते.

प्रेक्षागृहात

मोठे खेळ ‘बाँलिय’ या सांस्कृतिक केंद्राच्या मोठ्या सभागृहात होतात. इतर बरेच खेळ शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये असतात. बसताना मध्यभागी, थोडे मागे बसावे. कधी कधी इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन्ही सबटायटल एकाच वेळी दाखवतात आणि त्यांतले एक अगदी खाली असते, त्यामुळे पुढच्या माणसाच्या डोक्यामुळे ते झाकले जाऊ शकते.

खेळ सुरू होण्याआधी जे चालते ते पाहून नवखा माणूस गोंधळतो. प्रेक्षक कागदी विमाने करून रंगमंचाकडे सोडतात आणि एखादे विमान पडद्यापर्यंत पोहोचले की टाळ्या पडतात. महोत्सवाच्या छोट्या चित्रफितीत ससा दिसला की सगळे सभागृह फ्रेंचमध्ये ‘ससा!’ म्हणून ओरडते. यात सामील व्हावे, संकोच करू नये. मात्र चित्रपट सुरू झाल्यावर हेच प्रेक्षक पूर्ण शांत होतात आणि मोबाइलच्या उजेडावर शेजारी लगेच नापसंती दाखवतात.

मध्यंतर नसते. आपल्याकडच्या सवयीने पाणी भरपूर पिऊन आत गेलेल्या माणसाची पंचाईत होते, आणि रांगेच्या मध्यभागी बसून अर्ध्यावर उठणे तेथे असभ्य समजले जाते.

रात्री पाकिए नावाच्या तळ्याकाठच्या मोठ्या हिरवळीवर उघड्यावर चित्रपट दाखवतात. ते सर्वांना मोफत पाहता येतात आणि गावातली कुटुंबे सतरंज्या घेऊन येतात. जूनमध्ये तेथे अंधार साडेनऊनंतर पडतो, त्यामुळे खेळ उशिरा सुरू होतात. अंगावर घ्यायला काहीतरी गरम असावे, कारण जूनमध्येही तळ्यावरून येणारा वारा थंड असतो.

चित्रपट पाहताना

अमेरिकी ॲनिमेशनवर वाढलेल्या डोळ्यांना जपानी चित्रपटांत काही गोष्टी उणिवा वाटतात. त्यांची कारणे माहीत असावीत.

चित्रपटात एका सेकंदात २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढले तर सेकंदाला २४ चित्रे लागतात; एकच चित्र तीन चौकटींपर्यंत टिकवले तर आठ पुरतात. १९६३ साली प्रसिद्ध मांगाकार ओसामु तेझुका यांनी दर आठवड्याला अर्ध्या तासाची दूरचित्रवाणी मालिका सुरू केली तेव्हा वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे होते, म्हणून चित्रे कमी करण्याच्या युक्त्या त्यांनी नेमाने वापरल्या: स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवणे, फक्त तोंड हलवणे, तीच हालचाल पुन्हा वापरणे. पुढच्या पिढ्यांनी या काटकसरीतून स्वतःची शैली घडवली. पूर्ण लांबीच्या चित्रपटांत पैसा अधिक असतो, तरीही दिग्दर्शक सगळीकडे सारखी हालचाल ठेवत नाही. तो ती राखून ठेवतो आणि जेथे प्रसंग मागणी करतो तेथे खर्च करतो. म्हणून एखादे पात्र बराच वेळ निश्चल बसले असेल तर स्टुडिओचे पैसे संपले असे समजू नये. पुढच्या धावण्याच्या, पावसाच्या किंवा भांडणाच्या दृश्यात सेकंदाला किती चित्रे आहेत याकडे लक्ष द्यावे. फरक डोळ्यांनाच कळतो, मोजावा लागत नाही.

ओठांची हालचाल बोलण्याशी नेमकी जुळत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. अमेरिकेत आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि त्यावर चित्रे बेततात. जपानमध्ये बहुधा चित्रे आधी होतात आणि कलाकार नंतर ती पाहून बोलतात. ओठांची चित्रेही मोजकीच असतात. याचा मोबदला आवाजात मिळतो, आणि म्हणूनच डब केलेल्या खेळापेक्षा मूळ जपानी खेळ निवडावा, असा माझा आग्रह आहे.

पार्श्वभूमीकडे मुद्दाम बघावे. स्वयंपाकघरातली भांडी, रेल्वेचे फाटक, विजेच्या तारांचे जाळे, पावसाळी दुपारचा उजेड, हे पार्श्वभूमीच्या चित्रकारांचे काम आहे. ते पात्रांच्या चित्रकारांपेक्षा वेगळे असतात आणि बहुतेक वेळा खऱ्या जागांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून काम करतात. मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहण्याचा खरा लाभ येथे आहे, कारण मोबाइलवर हे तपशील दिसतच नाहीत.

चित्रपटाच्या सुरुवातीला एकामागून एक येणाऱ्या कंपन्यांच्या चिन्हांनी कंटाळू नये. जपानमध्ये बऱ्याच चित्रपटांसाठी प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिनी, संगीत कंपनी, जाहिरात कंपनी आणि वितरक एकत्र येऊन समिती बनवतात आणि खर्च व जोखीम वाटून घेतात. तोटा झाला तर तो विभागला जातो. पण नफ्यातला वाटाही समितीत असलेल्यांनाच मिळतो, आणि चित्रे काढणारा स्टुडिओ त्यात नसेल तर त्याच्या हाती ठरलेली मजुरीच येते. जपानी ॲनिमेटरांच्या कमी वेतनाविषयी जी चर्चा चालते तिचे एक मूळ येथे आहे.

शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नये. जपानी चित्रपटगृहांत प्रेक्षक दिवे लागेपर्यंत बसतात आणि दिग्दर्शकही ते गृहीत धरतात. काताबुची यांच्या चित्रपटात वर्गणीदारांची नावे सरकत असताना पडद्यावर आणखी एक छोटी चित्रकथा चालू राहते, आणि घाईने उठणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

दिग्दर्शकांची भेट आणि अपूर्ण चित्रपटांची सत्रे

अनेक जपानी दिग्दर्शक आन्सीला स्वतः येतात आणि चित्रपटाआधी रंगमंचावर येऊन दुभाषाच्या मदतीने थोडे बोलतात. प्रश्न विचारायची संधी मिळाली तर एकच, छोटा आणि चित्रपटाविषयीचा प्रश्न विचारावा. दुभाषाला लांबलचक प्रश्नाचे भाषांतर करण्यातच वेळ जातो. कथेचा अर्थ विचारल्यास बहुधा मोघम उत्तर मिळते. एखादे दृश्य कसे केले, किती वेळ लागला, अमुक जागा का निवडली, असे विचारले की मात्र हे लोक खुलून बोलतात.

तयार होत असलेल्या चित्रपटांची सत्रे ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी चुकवू नयेत. त्यांत स्टोरीबोर्ड (चित्रपटाचा दृश्यागणिक काढलेला कच्चा चित्र-आराखडा), पात्रांचे आराखडे, रंग न भरलेली दृश्ये असे साहित्य दाखवतात. जपानी दिग्दर्शक कित्येकदा संपूर्ण चित्रपटाचा स्टोरीबोर्ड स्वतः काढतात आणि त्यात प्रत्येक दृश्याची लांबी सेकंदांत लिहिलेली असते. संवाद, हालचाल आणि कॅमेरा यांचा निर्णय तेथेच झालेला असतो. म्हणून तो वाचता आला की तयार चित्रपट वेगळाच दिसू लागतो. या सत्रांत छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण यांना सक्त मनाई असते. वही आणि पेन्सिल न्यावी, आणि आवडलेल्या दृश्याची रचना दोन-चार रेषांत उतरवून घ्यावी.

फ्रान्सला जाणे शक्य नसेल तर

नोव्हेंबरमध्ये गोव्यात होणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि जपान फाउंडेशन भारतातल्या शहरांत भरवते तो जपानी चित्रपट महोत्सव, हे दोन पर्याय हाताशी आहेत. गोव्यात ॲनिमेशनपट थोडे असतात आणि ते इतर चित्रपटांच्या गर्दीत हरवतात, म्हणून तेथेही पत्रिका दिग्दर्शकाच्या नावाने चाळावी. डेलिगेट नोंदणी संकेतस्थळावर आधी करावी लागते आणि त्यानंतर खेळांच्या जागा वेगळ्या राखाव्या लागतात. जपान फाउंडेशनच्या महोत्सवात ॲनिमेशनपट सहसा असतोच, पण शहरे आणि तारखा दर वर्षी बदलतात. त्यासाठी नवी दिल्लीतल्या त्यांच्या कार्यालयाच्या घोषणांवर ऑगस्टपासून लक्ष ठेवावे.